परतीचे डिझेल

गोंदिया जिल्ह्यात तालुक्याची दोन गावे अर्जुनी नावाची आहेत. एक अर्जुनी मोरगाव, दुसरे सडक अर्जुनी. रेल्वेने फिरणारा माणूस पहिले ओळखतो, ट्रक चालवणारा दुसरे. इंग्रजांच्या अमलात नागपूरहून रायपूरकडे काढलेला ग्रेट ईस्टर्न रोड भंडारा, साकोली, देवरी असे टप्पे घेत याच सडक अर्जुनीच्या बाजूने गेला. रायपूर-दुर्गकडे त्याला अजून ‘जी. ई. रोड’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर तो मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. क्रमांक बदलत गेले, पण साकोली ते देवरीच्या जंगलपट्ट्यात रात्री-अपरात्री बंद पडलेल्या ट्रकबद्दल चालकाच्या तोंडी एकच वाक्य कित्येक वर्षे राहिले: ‘पंपाने हवा घेतली.’

पेट्रोलची गाडी चालवणाऱ्याला हे वाक्य चमत्कारिक वाटेल. इंजिनाला हवा लागतेच, मग ती घेतली तर बिघडले काय? बिघडते ते हवा भलत्या वाटेने आली म्हणून. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपसूक पेटतो. फवारा मारायचा तर डिझेलवर प्रचंड दाब हवा. द्रव दाबला जात नाही, म्हणून दाब थेट नोजलपर्यंत पोचतो. त्यात हवेचा बुडबुडा शिरला की सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जिरतो. पंप फिरतो, नळ्या धडधडतात, पण नोजल उघडतच नाही. गोंदियाच्या गॅरेजांतल्या कारागिरीचा इतिहास म्हणजे बराचसा या बुडबुड्याशी आणि या दाबाशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हा त्याला इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवाच वापरावी लागली होती. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. असले धूड कारखान्यात किंवा जहाजात चाले, ट्रकच्या बॉनेटखाली मावणे शक्य नव्हते. ती अडचण स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने सोडवली. १९२७ मध्ये तिथे इंधन फवारणाऱ्या पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर, म्हणजे दट्ट्या, सगळे एका रांगेत, खाली कॅमशाफ्ट. हा ‘इनलाइन पंप’ हातभर लांबीचा होता आणि त्यानेच डिझेल रस्त्यावर आणले.

महाराष्ट्राच्या गावांत मात्र डिझेल रस्त्याने आले नाही. ते विहिरीवर, पिठाच्या गिरणीत आणि धानाच्या मिलमध्ये आले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल इंजिने बनवायला घेतली. देशात तयार झालेली ती अगदी पहिली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. गोंदियाला अशा यंत्रांची निकड होतीच. १८८० च्या दशकात इथे रेल्वे आली, १९०३ ते १९०५ या काळात जबलपूरकडे जाणारा नॅरोगेज फाटा निघाला आणि वैनगंगेच्या खोऱ्यातले धान एका जंक्शनला येऊन पडू लागले. धान तिथेच भरडायचे, तांदूळ बाहेर पाठवायचा. विजेची तार पोचली नव्हती किंवा पोचूनही भरवशाची नव्हती, अशा ठिकाणी हुलरचा पट्टा ऑइल इंजिनावर फिरे. एक सिलिंडर, एक मोठे चाक आणि बाजूला मुठीएवढा पंप. नळीचा नट ढिला करून हवा काढायची असते, हे ज्ञान खेड्यापाड्यांत असल्या ठोक-ठोक करणाऱ्या इंजिनांनीच पसरवले.

रस्त्यावर तेव्हा पेट्रोलच्या मोटारी होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा बसच्या मागे लोखंडी भट्टी बसवून लाकडी कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. जुन्या पिढीच्या आठवणींत त्या ‘कोळशाच्या मोटारी’ म्हणून आहेत. युद्ध संपल्यावर चित्र झपाट्याने पालटले. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून नाकावर तीन टोकांचा तारा असलेले डिझेल ट्रक बाहेर पडू लागले. १९५५ मध्ये अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. डॉज, फार्गो आणि बेडफर्डच्या ट्रकांत पर्किन्सचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन दिसू लागले. १९६९ मध्ये जर्मन करार संपला, तारा गेला आणि त्याजागी ‘टी’ आला. इंजिनाची घडण मात्र तीच राहिली.

या सगळ्या ट्रकांच्या पोटातले सर्वांत नाजूक काम १९५१ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या एका कंपनीकडे होते. तिचे नाव मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच मायको. बॉशच्या सहकार्याने ती स्पार्क प्लग आणि इंधन पंप बनवू लागली. पुढे १९७० च्या सुमारास तिचा नोजल-इंजेक्टरचा कारखाना नाशिकला आला. शहरातला मायको सर्कल त्याच नावाची खूण. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी विदर्भातल्या गॅरेजांत आजही पंप म्हटला की ‘मायकोचा’ असे कानावर पडते.

मायकोचा पंप आला आणि गॅरेजात कामाची वाटणी झाली. इंजिन खोलणारा मिस्त्री वेगळा, पंपवाला वेगळा. पंपवाल्याचे दुकान पाहताच ओळखू येई. गॅरेज तेलाने काळे, तर याची खोली झाडलेली. मध्ये टेस्ट बेंच, त्यावर काचेच्या मापनळ्या ओळीने लावलेल्या. पंप बेंचवर फिरवायचा आणि प्रत्येक नळीत सारखे डिझेल पडते का ते बघायचे. सहापैकी एका नळीत कमी पडले तर गाडी ‘मिस मारणार’ हे ठरलेले. प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. ही जोडी एकत्र घासून बसवलेली असल्याने एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालता येत नाही. पंप खोलताना शागिर्दाला पहिली ताकीद मिळते ती जोड्या न फोडण्याची.

नोजल तपासायला आणखी एक साधे यंत्र: एक हातदांडा, एक घड्याळ आणि खाली टांगलेले नोजल. दांडा दाबत गेले की काटा चढतो आणि २०० बारच्या आसपास नोजल ‘चर्र’ करून फवारा सोडते. ट्रकच्या टायरात हवेचा दाब सात-आठ बार असतो, यावरून अंदाज यावा. चर्र आवाज आला, धुके सारखे पसरले, टोकाला थेंब लोंबला नाही, म्हणजे नोजल निरोगी. फवाऱ्यासमोर बोट धरायचे नाही, हा इथला दुसरा नियम. त्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत शिरते. वर दिसते टाचणी टोचल्यासारखी खूण, आत मात्र मांस सडू लागते.

पण ही पंपवाल्याची शहरातली दुनिया झाली. रस्त्यावर पडलेल्या गाडीपाशी मिस्त्री जातो तेव्हा त्याच्याकडे बेंच नसतो. असतो सतरा-एकोणीसचा पाना, एक पेचकस, चिंधी आणि कान. फिल्टरवरचा स्क्रू तो दोन आटे ढिला करतो. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या डोक्यावरचा हँड प्रायमर फिरवून वर घेतो आणि तळव्याने दाबत राहतो. आधी फिल्टरमधून फसफस होते, पांढरा फेस येतो, मग फेसात डिझेलची धार मिसळते आणि शेवटी बुडबुडे थांबून नुसते डिझेल वाहते. स्क्रू कसला. मग तोच प्रकार पंपावरच्या स्क्रूशी. त्यानंतर नोजलवरचे नट ढिले करून चालकाला सांगायचे, ‘मार सेल्फ.’ प्रत्येक नटाखाली डिझेल चमकले की एकेक आवळत जायचे. तिसरा-चौथा नट आवळेपर्यंत इंजिन अडखळत धरते, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि क्लीनर टायराखालचे दगड काढायला धावतो.

हवा काढणे म्हणजे झाला इलाज. दुखणे कुठे आहे ते शोधणे वेगळे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणीची. तिला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे फुटकी नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि नवशिका फसतो. मुरलेला मिस्त्री मधली रबरी नळी काढून हातभर पारदर्शक नळी जोडतो, इंजिन चालू करतो आणि नळीत बुडबुडे कुठून येतात ते बघत राहतो. पुष्कळदा चोर सापडतो तो तांब्याच्या वॉशरमध्ये. एकदा दाबून कडक झालेला वॉशर पुन्हा वापरला की नीट बसत नाही. नवा वॉशर हाताशी नसला तर जुना आगीवर लाल करून पाण्यात टाकायचा. पोलाद असे केले की कडक होते, तांबे मऊ होते. धातुशास्त्राचा हा पाठ रस्त्याकडेला स्टोव्हवर शिकवला गेला आहे.

कधी दुखणे टाकीच्या झाकणात असते. झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक असते. राइस मिलच्या आवारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीवर कोंड्याची धूळ बसते, ते भोक बुजते. टाकीतले डिझेल उपसले जाते पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. गाडी वीस-तीस किलोमीटर उत्तम धावते, मग दम तोडते. झाकण उघडताच ‘सूंऽ’ असा सुस्कारा ऐकू आला तर पंपाला हात लावायची गरज नाही.

आता परतीच्या नळीकडे वळायला हवे, कारण खरी मेख तिथे आहे. फीड पंप इंजिनाला लागते त्याच्या कितीतरी जास्त डिझेल पुढे ढकलतो. उरलेले डिझेल पंपाला गार ठेवते, सुटे बुडबुडे सोबत घेते आणि ‘रिटर्न पाइप’ने टाकीत परत जाते. त्या परतीच्या तोंडाशी ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. एक गोळी, एक स्प्रिंग. ही स्प्रिंग पंपाच्या पोटात एक-दीड बारचा दाब टिकवून धरते. स्प्रिंग थकली की डिझेल हळूच परत पळते, प्लंजरच्या खोल्या पुऱ्या भरत नाहीत. रिकामी गाडी चालते, पण तांदळाची पोती लादून चढ लागला की ‘गाडी ओढत नाही’. मालक पंप खोलायचा खर्च मनात मोजू लागतो. जाणता मिस्त्री आधी परतीची रबरी नळी चिमटीत धरून क्षणभर दाबतो. इंजिनाचा आवाज लगेच भरला तर दोष पंपाचा नाही, त्या दोन बोटांएवढ्या व्हॉल्व्हचा आहे. नवा मिळेपर्यंत स्प्रिंगखाली बारीक वॉशर घालून वेळ मारून नेणे ही या धंद्याची सर्वमान्य पळवाट.

उलटा प्रकारही घडतो. नोजलकडून येणारी परतीची बारीक नळी चेपली किंवा चोंदली तर नोजलमधल्या सुईच्या मागे डिझेल साचते, सुई वेळेवर उचलत नाही आणि धूर काळा होतो. पुढे जाणारे डिझेल सगळेच तपासतात. मागे येणारे जो तपासतो तो मिस्त्री, अशी या धंद्यातली साधी कसोटी आहे.

गोंदियाचे हवामान आणि हंगाम या दुखण्यांचे वेळापत्रक ठरवत आले. इथे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलात पाणी उतरते, फिल्टरच्या तळाशी साचते आणि प्लंजरला गंज चढवते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. फळीवरून, म्हणजे पत्ता गोळा होतो त्या जागेवरून, बोद म्हणजे पत्त्याची पोती भरलेल्या गाड्या पावसाच्या आधी जंगलाबाहेर निघायला हव्यात, आणि ऊन पंचेचाळिशीला टेकलेले. दिवाळीनंतर धानाची वाहतूक, मिलच्या दारात रांगा. या दोन्ही वेळी गाडी उभी राहणे मालकाला परवडत नाही, म्हणून पंपवाल्याच्या दुकानात दिवे उशिरापर्यंत जळत.

एक दुखणे मात्र हवामानाचे नव्हते. रेशनचे निळे केरोसीन स्वस्त होते, डिझेल महाग. या फरकाने भेसळीचा धंदा उभा राहिला. प्लंजर आणि सुईला वंगण मिळते ते डिझेलचेच. केरोसीन पातळ आणि कोरडे. त्याने दोन मायक्रॉनची फट चार-सहाची होते, दाब गळतो आणि सकाळी गाडी सुरू होईना होते. पंपवाल्याच्या पिढ्यांनी या भेसळीचे ओरखडे प्लंजरवर पाहिले आहेत. तिचे भीषण रूप राज्याने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आले.

त्याच सुमारास पंपाची जातही बदलू लागली होती. कॉमन रेल ही रचना युरोप आणि जपानमध्ये १९९० च्या दशकात आली. तिच्यात एकच पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडतो. दाब २०० बारचा नव्हे, १६०० आणि त्याहूनही वर. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशी ही रचना ट्रकमध्ये उतरली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झाले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० वर आले. मधल्या टप्प्यात एक गमतीचे वळण आले. अशोक लेलँडने बीएस-४ साठी काही ट्रकांत जुना इनलाइन पंपच ठेवला आणि ‘आयईजीआर’ नावाच्या युक्तीने निकष गाठला. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल असे इंजिन, हे तिचे विक्रीचे बोल होते. बीएस-६ आल्यावर तीही वाट बंद झाली.

नव्या इंजिनाने मिस्त्रीची जुनी सवय जिवावरची करून टाकली. कुठला सिलिंडर मरतो आहे ते बघायला चालू इंजिनात नोजलचा नट ढिला करण्याची रीत होती. २०० बारला ती खपून गेली. १६०० बारला ढिल्या नटातून सुटणारी धार हातमोज्यालाही जुमानत नाही. पुष्कळांनी हा धडा सहकाऱ्याच्या हाताला झालेल्या जखमेवरून घेतला. आता पान्याआधी स्कॅनर लागतो आणि रेलचा दाब पडद्यावर वाचावा लागतो.

आणि तरीही पडदा सगळे सांगत नाही. सेल्फ मारला, इंजिन फिरते, पण रेलमध्ये दाब चढत नाही आणि गाडी सुरू होत नाही. पडदा म्हणतो, ‘दाब कमी.’ का कमी, ते तो सांगत नाही. पंप थकला, की एखादा इंजेक्टर आतून गळतो? तेव्हा मिस्त्री प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या तोंडाला बारीक नळी लावून एकेक मापाची बाटली टांगतो. रुग्णाच्या खाटेशी सलाईन लावावे तसे इंजिनाभोवती दृश्य दिसते. ठरावीक वेळ इंजिन फिरवायचे आणि बाटल्या एका रांगेत ठेवायच्या. पाच बाटल्यांत बोटभर डिझेल, सहावीत काठोकाठ. दाब कुठे पळतो ते कळले. जिथे परतावा जास्त तो इंजेक्टर आजारी. सगळ्या बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या, तर संशय पंपाकडे जातो. टेस्ट बेंचवरच्या काचेच्या मापनळ्यांत ‘पुढे किती गेले’ हे मोजणारा धंदा आता बाटलीत ‘परत किती आले’ ते मोजतो. रस्त्याकडेला रबरी नळी चिमटीत दाबणारा म्हातारा मिस्त्री हेच आधीपासून करत होता.

पंपवाल्यांच्या दुकानांत या बदलाने फूट पडली. कॉमन रेलच्या इंजेक्टरचा बेंच महाग, धूळमुक्त खोली सक्तीची, सुटे भाग कंपनीकडून. ज्यांना झेपले त्यांनी बसवला, बाकीचे इंजेक्टर काढून नागपूर-रायपूरला पाठवू लागले. आयटीआयत ‘मेकॅनिक डिझेल’ शिकून आलेला मुलगा स्कॅनर सहज हाताळतो, पण पारदर्शक नळीत बुडबुडा कुठून येतो ते बघायला त्याला जुन्या माणसाशेजारी बसावे लागते.

जुन्या माणसाचे काम संपलेले नाही. ट्रॅक्टरसाठीचे नवे निकष १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. धानाच्या बांधीत चिखलणीला उतरणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे असतात आणि त्यांच्या इंजिनावर अजून साधा पंप आहे. रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेला ट्रॅक्टर बांधीत बंद पडला, की गोंदियात आजही कुणीतरी सतरा-एकोणीसचा पाना घेऊन गुडघाभर चिखलात उतरतो आणि तळव्याने प्रायमर दाबू लागतो.